मुंबईहून लान्यू: उडत्या माशांच्या बेटावर जायचं कसं आणि गेल्यावर वागायचं कसं

तैवानच्या लान्यू बेटाबद्दल विचारणारे सगळे सुरुवात व्हिसापासून करतात, पण खरं सांगू का, व्हिसा हा त्यातला सोपा भाग आहे, अवघड आहे ती तारीख. ऑफिसात रजा कधी मिळते ते बघून तिकीट काढलंत तर निम्मे लोक फसतात, कारण हे बेट चालतं माशाच्या आणि वाऱ्याच्या कॅलेंडरवर. म्हणून आधी ते समजून घ्या, बुकिंगचं मग बघू.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लान्यू म्हणजे ऑर्किड आयलंड, तैवानच्या आग्नेयेला भर समुद्रात असलेलं ज्वालामुखीचं बेट, क्षेत्रफळ साधारण ४५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपली कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबईसुद्धा याहून मोठी. मधोमध ५५२ मीटर उंच डोंगर, कडेकडेने सपाट पट्टी, तिच्यावर सहा गावं, आणि त्यात राहणारे ताओ लोक. पुस्तकात यामी असं नाव सापडेल, ते बाहेरच्यांनी दिलेलं, तुम्ही ताओच म्हणा. त्यांची भाषा फिलिपिन्सच्या उत्तर टोकाच्या बातानेस बेटांवरच्या भाषेला जवळची आहे, आणि तैवानच्या इतर आदिवासी जमातींपेक्षा यांचं वेगळेपण असं की यांचं सगळं समुद्राभोवती फिरतं, त्यातही उडत्या माशाभोवती.

तर तारीख. ताओ वर्षाचे तीन भाग करतात. रायोन म्हणजे उडत्या माशांचा मोसम, साधारण फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत. मग तेयतेयका, म्हणजे मासेमारी संपून पिकं काढायचा काळ, आणि मग आम्यान, हिवाळा. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटतो, बोटी कमी होतात, विमानं रद्द होतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीला जोडून जायचा बेत असेल तर सोडूनच द्या. जुलै ते सप्टेंबर टायफूनचा मुख्य काळ, पण पुढेही येतात. टायफून हा शब्द हलक्यात घेऊ नका, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कोइनू नावाचं वादळ आलं तेव्हा लान्यूच्या वेधशाळेत सेकंदाला ९५.२ मीटरचा झोत मोजला गेला, म्हणजे ताशी ३४० किलोमीटरच्या वर, तैवानमधला हा रेकॉर्ड आहे. वर तैवानमधल्या पोराटोरांच्या शाळांना सुट्ट्या असतात ते वेगळंच, गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली.

उरतात एप्रिल, मे आणि जूनचा पहिला भाग. मुंबईकरांसाठी हे बरोबर बसतं, मे महिन्याची सुट्टी आहेच, आणि घरात कोणी मासेमारीवाले असतील तर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्याकडे यांत्रिक बोटींना बंदी असते, म्हणजे जूनच्या सुरुवातीला तेही मोकळे. माझे सासरे वेसाव्याचे कोळी, त्यांना याच हिशेबाने नेलं होतं.

आता कागदपत्रं, पटकन. तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, शेंगेन, जपान, ऑस्ट्रेलिया असल्या देशांचा व्हिसा असेल तर तैवानचं ट्रॅव्हल ऑथोरायझेशन ऑनलाइन मिळतं, पैसे लागत नाहीत, फक्त अटी नीट वाचून भरा आणि प्रिंट काढून जवळ ठेवा. नसेल तर रीतसर व्हिसा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटरचं, म्हणजे तैवानच्या वकिलातीचं काम करणारं, ऑफिस मुंबईतही सुरू झालंय. विमान हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरला बदलून तैपेई, तिथून ट्रेनने ताइतुंग. ट्रेन पूर्व किनाऱ्याने जाते, डाव्या बाजूची खिडकी मिळाली तर समुद्र दिसतो, फास्ट गाडी साडेतीन-चार तास घेते, आणि सुट्टीच्या दिवसांत ही तिकिटं आपल्या गणपतीच्या कोकण रेल्वेसारखी उडतात, तेव्हा बुकिंग उघडलं की लगेच काढा.

ताइतुंगहून पुढे दोन रस्ते. एक १९ सीटचं छोटं विमान, अर्ध्या तासात पोचवतं, पण सीट कमी आणि बेटावरच्या लोकांना दवाखाना, शाळा, सगळ्यासाठी तेच लागतं, त्यामुळे आपल्याला मिळालं तर नशीब म्हणायचं. दुसरा रस्ता फुगांग बंदरातून बोट. याच बंदरातून ग्रीन आयलंडच्याही बोटी सुटतात, रांगेत उभं राहायच्या आधी पाटी दाखवून खात्री करून घ्या. दक्षिणेला केंटिंगजवळच्या होउबिहू बंदरातूनही मोसमात बोट असते, काओश्युंगकडून येणाऱ्यांना ते बरं पडतं.

बोटीबद्दल जरा थांबून सांगतो. गेटवे ते मांडवा केलंय म्हणून मला काही होत नाही, असं म्हणणारे सगळ्यात आधी आडवे होतात. हा उघडा पॅसिफिक आहे, मध्ये कुरोशिओ नावाचा जबरदस्त प्रवाह लागतो आणि अडीच तासांपैकी बराच वेळ बोट वरखाली होत असते, चढतानाच प्रत्येकाला पिशवी देतात यावरून काय ते समजा. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, कुठली घ्यायची ते इथेच डॉक्टरला विचारून न्या. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरपेटही नको, थोडं कोरडं काहीतरी खा, आम्ही तर डब्यात खाकरा नेला होता. बसायला खालचा मजला, मागची बाजू. मोबाइल बघायचा नाही. सासरे तेवढे अडीच तास डेककडे तोंड करून मजेत बसले होते, बाकी आम्हा सगळ्यांची अवस्था सांगण्यासारखी नाही.

बोट काइयुआन बंदराला लागते. होमस्टेवाला घ्यायला येतो, पण बुकिंग आधी हवं, आणि ते बहुतेक लाइन नावाच्या चॅट ॲपवर चिनी भाषेत होतं, ट्रान्सलेट वापरून छोटी छोटी वाक्यं पाठवली की चालतं. शक्यतो ताओ कुटुंबाचंच होमस्टे घ्या. बाहेरून येऊन धंदा टाकलेले बरेच आहेत, त्यांच्याकडे फोटो छान असतात, पण माशाबद्दल, घराबद्दल, कुठे जायचं नाही याबद्दल जे कळतं ते घरच्या माणसाकडूनच कळतं. पैसे रोख घेऊन जा, एटीएम आहे पण त्याच्या भरवशावर राहू नका. सेव्हन-इलेव्हनचं दुकानही आहे, २०१४ साली आलं तेव्हा बेटावर हवं की नको यावरून बराच वाद झाला होता.

फिरायला स्कूटर. बेटाला वळसा घालणारा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा. लायसन्सचं काय ते होमस्टेवाल्याला बुकिंग करतानाच विचारून ठेवा, ऐनवेळी नको, इलेक्ट्रिक सायकलचाही पर्याय असतो. पेट्रोल पंप एकच, बंदराजवळ. रस्त्यावर बकऱ्या बसलेल्या असतात, वळणावर तर हमखास, आणि त्या मोकाट दिसल्या तरी प्रत्येकीला मालक आहे, त्यामुळे हळू चालवा. रस्त्याच्या कडेला काळे कातळ समुद्रात उभे आहेत, टुरिस्ट मॅपवर त्यांना ड्रॅगनचं डोकं, जुळे सिंह अशी नावं दिलीत, बघा, फोटो काढा. मला स्वतःला या नावांचा कंटाळा येतो, दगड नुसता बघायला जास्त मजा येते. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर लाव्हा आपल्यालाही नवा नाही, फक्त आपला सहा-साडेसहा कोटी वर्षं जुना बेसाल्ट आणि हा त्यामानाने फारच अलीकडचा, बहुतेक अँडेसाइट नावाचा खडक.

आता मुख्य विषय, वागायचं कसं. या भागासाठीच खरं तर लिहायला बसलो.

किनाऱ्यावर लाल-पांढऱ्या-काळ्या नक्षीच्या, दोन्ही टोकं वर उचललेल्या होड्या दिसतील. त्यांना हात लावायचा नाही. टेकायचं नाही, आत बसून फोटो तर नाहीच नाही, आणि बाईमाणसाने स्पर्श करू नये हा तिथला जुना नियम आहे, पटो न पटो, पाहुण्याने पाळायचा. लहान होडी ताताला, एक ते तीन माणसांची, मोठी चिनेदकेरान, तिच्यात आठ-दहा जण वल्ही मारतात. एका ओंडक्यातून कोरलेली होडी नाही ही, फळ्या जोडून केलेली असते, लहानीला २१ आणि मोठीला २७ फळ्या असं सांगतात, तळाला कठीण लाकूड, वर हलकं, कुठल्या भागाला कुठलं झाड ते ठरलेलं, आणि सांधायला लोखंडी खिळा नाही, लाकडी खुंट्या. टोकापाशी सूर्यासारखं गोल चिन्ह असतं, तो होडीचा डोळा. नवी नक्षीची मोठी होडी पाण्यात उतरवताना तिच्यावर अळवाच्या कांद्यांचा ढीग रचतात, डुकरं कापून वाटे घालतात, आणि पुरुष डोळे वटारून, मुठी आवळून भुताखेतांना हाकलत ती होडी हवेत उडवून झेलतात. असा सोहळा नशिबाने सापडला तर लांब उभे राहा आणि यजमान बोलावतील तेव्हाच पुढे व्हा.

हात न लावता काय होतं ते सांगतो. उत्तरेच्या इराराले गावात सासरे एका ताताला शेजारी हात पाठीमागे बांधून उभे राहिले, वाकून सांधा बघितला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तोच सांधा बघितला. असं बराच वेळ चाललं. मंडपात बसलेला एक म्हातारा ते बघत होता, तो उठून आला, काही न बोलता खाली बसला आणि एका खुंटीवर बोट ठेवलं, मग अंगठ्याने फटीत काहीतरी दाबून भरल्यासारखं करून दाखवलं. सासऱ्यांनी मान हलवली आणि आपण होडीच्या सांध्यात कापूस कसा ठासतो ते तसंच हवेत करून दाखवलं. भाषा एकाला दुसऱ्याची शून्य. नंतर त्या म्हाताऱ्याने स्वतःहून फोटो काढायची खूण केली. आधीच फोन काढून सरसावलो असतो तर तो मंडपातून उठलाच नसता, हे मी पैजेवर सांगतो, कारण त्याच दुपारी सेल्फी स्टिक घेऊन आलेल्या टोळक्याकडे त्याने पाठ फिरवलेली मी बघितलीय.

म्हणजे फोटोचा नियम आपोआप आलाच: माणूस, घर, होडी, वाळत घातलेले मासे, काहीही असो, आधी विचारा. पुरुष कमरेला नुसता लंगोट लावून दिसले तर तो त्यांचा पारंपरिक वेश आहे, हसू नका. तुम्ही मात्र गावातून पोहण्याच्या कपड्यांत फिरू नका, अंगावर काहीतरी घाला.

समुद्रावर निघालेल्या माणसाला "मासे धरायला चाललास का", "कुठे निघालास" असं विचारायचं नाही. हे आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही, घरातून निघताना मागून कोणी "कुठे" विचारलं की आजी कशी ओरडायची ते आठवा. त्यांच्याकडे कारण असं देतात की आनितो, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे, ऐकतात आणि आडवे येतात. आनितोमुळेच स्मशानाच्या बाजूला जायचं नाही, किनाऱ्याजवळ चौकोनी फळाचं एक मोठं झाड असतं त्याची फळं उचलायची नाहीत. रात्री छोट्या घुबडांच्या टूर्स निघतात, बाहेरून येणारे हौसेने जातात, पण गावातल्या म्हाताऱ्यांना त्या घुबडाचा आवाज अपशकुनी वाटतो, तेव्हा जेवताना त्यांच्यासमोर नक्कल करून दाखवू नका.

रायोनच्या सुरुवातीला प्रत्येक गाव आपापल्या दिवशी मासे बोलावण्याचा विधी करतं, पुरुष चांदीची टोपीसारखी शिरस्त्राणं घालून किनाऱ्यावर जमतात, कोंबड्याचं किंवा डुकराचं रक्त लावतात. तेव्हा बायकांनी किनाऱ्यावर जायचं नसतं, आणि टुरिस्टांनीही विचारल्याशिवाय जायचं नाही. गोष्ट अशी सांगतात की काळ्या पंखांच्या उडत्या माशाने पूर्वजाच्या स्वप्नात येऊन सगळे नियम शिकवले, कधी धरायचं, कसं शिजवायचं, आणि मुख्य म्हणजे आम्हाला खेकडे-शिंपल्यांबरोबर एका भांड्यात शिजवू नका, नाहीतर अंगावर रोग उठेल. आजही उडत्या माशाचं भांडं वेगळं असतं. आधी रात्री मशालीच्या उजेडात मोठ्या होड्यांनी जायचं, मग पुढे छोट्या होड्यांनी दिवसा गळ टाकून डोराडो, म्हणजे माही-माही, धरायचा. आणि या सगळ्या काळात प्रवाळातले मासे धरत नाहीत, त्यांना तेवढे महिने सुट्टी. आपल्याकडे सरकारी बंदीवरून दरवर्षी किती वादावादी होते ते बघता, शेकडो वर्षं हे नुसत्या विधीनिषेधावर चाललंय याचं सासऱ्यांना भारी कौतुक वाटलं.

एप्रिल-मेमध्ये गेलात की घरोघरी मासे वाळताना दिसतीलच. पोट फाडून उघडलेले, मांसावर सुरीने आडव्या रेघा, मीठ चोळलेलं, आणि जोडीजोडीने दांडीवर लटकवलेले. वेसाव्याच्या वलांड्यांवरचे बोंबील बघितलेल्या माणसाचे पाय तिथे थबकतातच. हात लावू नका, वास घ्यायला नाक खुपसू नका, खालून वाकून जाऊ नका. हे सुके मासेसुद्धा ठरलेल्या वेळेपर्यंतच खायचे, शरदातली मोठी पौर्णिमा, म्हणजे आपली भाद्रपद पौर्णिमा किंवा एखाद्या वर्षी कोजागरी, त्या सुमाराला संपवायचे, उरले तर टाकतात, पण पुढच्या मोसमापर्यंत साठवत नाहीत.

खायला काय मिळेल? उडता मासा, अळवाचे कांदे, रताळी, डुकराचं मटण, आणि टुरिस्टांसाठी उडत्या माशाचा फ्राइड राइस. घरात जेवायला बसलात तर एक लक्षात ठेवा, मासा कोणी कुठला खायचा याचे नियम आहेत, ओयोद म्हणजे चांगले मासे जे बायकाही खाऊ शकतात, राहेत जे पुरुषांचे, आणि काही फक्त म्हाताऱ्या पुरुषांसाठी. बायकोच्या पुढ्यातून एखादा तुकडा काढून सासऱ्यांच्या ताटात गेला तर राग मानू नका. शाकाहारी मंडळींना मात्र खरंच सांगतो, हाल होतील, थेपले, मेतकूट आणि रेडी-टू-ईटची पाकिटं भरून न्या. अळवाची शेतं पाण्याची असतात, बांधावरून फोटोसाठी आत उतरू नका, ते बायकांच्या मेहनतीचं पीक आहे.

जमिनीखालची घरं बघायची असतील तर इवालिनो किंवा इराराले गाव, आणि गावातलाच गाइड घेऊन. घर खड्ड्यात, छप्पर जेमतेम जमिनीच्या वर, त्यामुळे वादळ डोक्यावरून निघून जातं, पाणी निघायला दगडी नाल्या, बाजूला काम करायची खोली, आणि वारा खायला तागाकाल नावाचा उंच उघडा मंडप. १९६० च्या दशकापासून सरकारने ही घरं मागासलेली म्हणून पाडली आणि काँक्रीटची बांधून दिली, ती काही वर्षांतच फुटायला लागली. आतमध्ये लोक राहतात, म्युझियम नाहीये, परवानगीशिवाय गल्लीतही शिरू नका. तागाकाल रिकामा दिसला म्हणून त्यात जाऊन पसरू पण नका.

दक्षिण टोकाला जाताना कुंपण आणि कंपाउंड दिसेल. तिथे १९८२ पासून तैवानच्या वीज कंपनीचा अणुकचरा आणून ठेवलाय, जवळजवळ १ लाख पिंपं. लोकांना तेव्हा नीट सांगितलंच नव्हतं, इथे माशांच्या डब्यांचा कारखाना येणार अशी समजूत करून दिल्याचं गावातले सांगतात. १९८८ पासून आंदोलनं झाली, दुष्ट आनितोला हाकला अशी घोषणा देत लोक रस्त्यावर उतरले, २०१९ मध्ये सरकारने २५५ कोटी तैवानी डॉलरची भरपाई जाहीर केली, पिंपं मात्र अजून तिथेच आहेत. जैतापूर आणि वाढवणच्या बातम्या वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. विषय स्वतःहून काढू नका, समोरचा बोलला तर ऐका.

अंगात दम असेल तर दक्षिणेकडे डोंगरातल्या तळ्यापर्यंतची चढण करा, मृत ज्वालामुखीच्या तोंडातलं तळं मानतात ते, वाटेत दोर धरून चढायचे टप्पे आहेत आणि चिखल भरपूर, सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना जड नाही. चांगल्या पकडीचे बूट लागतात. ऑर्किड, प्रवाळ, दगड, नारळी खेकडा यातलं काहीही उचलायचं नाही. पूर्वी ऑर्किड पोत्याने नेऊन जंगल रिकामं केलंय लोकांनी.

दोन शब्द पाठ करा, भेटल्यावर "आकोकाय", आभाराला "आयोय". म्हाताऱ्या बायका खूश होतात आणि मग ताओ भाषेत फाडफाड सुरू करतात, तेव्हा नुसतं हसायचं.

परतीचं शेवटी, पण बुकिंग करताना हेच पहिलं बघा. बेटावरून निघायची बोट आणि तैपेईहून मुंबईचं विमान यांच्यात किमान दोन दिवस मोकळे ठेवा. समुद्र खवळला की बोट रद्द, विमानही रद्द, आणि तिथे कोणाला ओरडून फायदा नसतो, होमस्टेवाला शांतपणे म्हणतो उद्या बघू. आमच्या वेळी बोट दुपारऐवजी पहाटे सोडली, रात्री दहाला निरोप आला, म्हणून बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवा आणि स्कूटरचं भाडं संध्याकाळीच चुकतं करा. दोन दिवस वाचलेच तर ताइतुंगमध्ये काढा, कपडे तिथे धुवा, कारण सुक्या माशाचा वास बॅगेला लागलेला असतो आणि विमानात शेजारचा बघत राहतो.